दांड्याशेजारचा पक्षी

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मी बांधकामाचे फोटो काढायचो, आणि उत्तम काढायचो. उगाच विनय कशाला. पाया किती खणला, खांब किती चढला, ते दर आठवड्याला फोटोतून वर कळवावं लागे. मापासाठी प्रत्येक फोटोत फूट-इंच रंगवलेला दांडा हवाच. तो धरायला एक मजूर होते, भंडाऱ्याकडची शेती सोडून आलेले; सगळे त्यांना मामा म्हणत. मी 'रेडी' म्हणायचं, मामांनी जाऊन दांडा ताठ धरायचा.

त्या थंडीत साइटमागच्या तळ्यावर मला एक पांढरा-काळा पक्षी दिसला. लांब पाय, आणि चोच टोकाशी चक्क वर वळलेली. ऑफिसात सांगितलं तर हेडक्लार्क म्हणाले, "चोच कधी वरतं वळते का, बाप्पा? कायले थापा मारता?" सगळे हसले. मला राग आला. फोटोच टेबलावर टाकतो, असं मी सर्वांदेखत सांगून बसलो.

दुसऱ्या दिवशी रोलमधला शेवटचा फोटो राखून ठेवला आणि काम आटोपल्यावर मामांसह तळ्यावर गेलो. पक्षी काठच्या चिखलात चोच डावी-उजवीकडे फिरवत चरत होता. मी झुडपाआड बसलो, कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि सवयीनं तोंडातून निघालं, "रेडी."

मामा निघाले. मी काही बोलेपर्यंत ते पक्ष्याशेजारी दांडा रोवून ताठ उभे. मी घाईनं बटण दाबलं, तोवर पक्षी उडाला.

"मामा, तिथं कावून गेले तुम्ही?"

"तुमीच तं रेडी म्हणले, साहेब."

फोटोत पोटरीभर चिखलात मामा, दांडा, आणि वरच्या कोपऱ्यात पांढरा फराटा. हेडक्लार्कनी तो ऑफिसभर फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी मामांनाही बोलावून विचारलं, "काय मामा, कुठं वळली होती चोच?"

"वरतं," मामा म्हणाले. "दांड्याले लागूनच होता नं तो. उंची सोळा इंच, चोच साडेतीन. शेवटचा अर्धा इंच वरतं."

हसू थांबलं. मामांचं माप तीन वर्षांत कुणाला पुन्हा तपासावं लागलं नव्हतं. "असंन मंग," म्हणत हेडक्लार्कनी फाइल उघडली.

मी खरा ठरलो होतो. पण त्या ऑफिसात माझा शब्द मामांच्या अर्ध्या इंचाएवढाही भरत नव्हता, आणि हे माझ्याखेरीज सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. ते फार लागलं.