लागेल तेवढे माग

प्रातःस्नान आणि संध्या आटोपली की आम्ही चार-पाच वयस्क मंडळी वाईच्या घाटावर घटकाभर बसतो. पूर्वी या बैठकीत तिथी-नक्षत्रांची आणि पाण्याच्या पातळीची चर्चा होत असे. अलीकडे प्रत्येकाचे कोणी ना कोणी पुण्याला, सांगलीला शिकत असल्यामुळे विषय बदलले आहेत. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला हातखर्चासाठी किती पैसे द्यावेत, यावर एकदा चांगलाच वाद रंगला. एकाने हजार सांगितले, दुसऱ्याने तीन हजार. तिसऱ्याचे म्हणणे असे, की एक पैसाही देऊ नये, म्हणजे पोर ताळ्यावर राहते. त्यावर पहिला हसून म्हणाला, "तुमचं पोर ताळ्यावर आहे, पण त्याची उधारी माझ्या नातवाकडे आहे!"

मला विचारले तेव्हा मी शांतपणे सांगितले, "आमच्या घरात आकडाच ठरवलेला नाही. माझ्या मुलाने नातीला सांगून ठेवले आहे, लागेल तेवढे माग."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही त्या वेळी हे उत्तर उत्तम वाटले होते.

माझा मुलगा साताऱ्याच्या एका कार्यालयात नोकरीला आहे आणि रोज बसने जाऊन-येऊन करतो. कंजूषपणा त्याच्या स्वभावात नाही. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला सांगलीला निघाली, तेव्हा त्याने वसतिगृहाचे आणि मेसचे पैसे सहामाहीसाठी एकदम भरले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बाकी काहीही लागलं तर मागायचं. मर्यादा नाही. एक मेसेज टाकलास की दोन मिनिटांत पैसे तुझ्या मोबाईलवर." बापाने याहून अधिक काय द्यावे?

परंतु आमच्या घरात मागत नाहीत. हे जरा उलगडून सांगायला हवे. माझ्या वडिलांनी, आणि त्यांच्याही वडिलांनी, पौरोहित्य केले ते अयाचित वृत्तीने. अयाचित म्हणजे न मागता आलेले. यजमानाने जे हातावर ठेवले ते मूठ मिटून घ्यायचे, त्याच्यासमोर पाहायचे नाही आणि "किती द्यायचे, गुरुजी?" या प्रश्नाला आकड्याने उत्तर द्यायचे नाही. मीही आयुष्यभर तसाच वागलो. त्यात मला कधी उणेपणा वाटला नाही. उलट, ईश्वराने आपल्याकडे लक्ष ठेवले आहे, ही भावना त्या वृत्तीमुळेच दृढ झाली. ही वृत्ती घाटावरून घरात कधी आली, हे सांगता येणार नाही. आमची मुले पंगतीत दुसऱ्यांदा भात मागत नाहीत; ताटाकडे लक्ष ठेवणे हे वाढणाऱ्याचे काम. नात लहान असताना तिने या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा मी मोठ्या आनंदाने तो तिला समजावून दिला होता. तिने तो पक्का धरला.

ती सांगलीला गेल्यावर पहिले वर्ष असेच गेले. तिने एकदाही पैसे मागितले नाहीत. मुलगा येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगू लागला, "लोकांची पोरं महिन्याला पाच-पाच हजार उडवतात. आमची पोर मागतच नाही!" हे तो तिच्यादेखतही सांगे, फोनवरही सांगे. ऐकताना मला समाधान वाटत असे.

दुसऱ्या वर्षी सांगलीच्या एका यजमानांनी मला वास्तुशांतीसाठी बोलावले. रविवारी दुपारी कार्य आटोपले आणि उन्हे उतरल्यावर मी नातीला भेटायला तिच्या वसतिगृहावर गेलो. आत पुरुषांना प्रवेश नव्हता, म्हणून फाटकापाशी असलेल्या कट्ट्यावर बसलो. नात धावत आली, वाकून नमस्कार केला. ती थोडी वाळल्यासारखी वाटली. तिच्यामागून तिची खोलीतली मैत्रीण भडंगाची पिशवी घेऊन आली. ही मुलगी कुंडल गावची. घरचा ऊस, वडील फौजेतून निवृत्त झालेले. बोलायला मोकळी.

"आवं आजोबा, भडंग घ्या की. सांगलीला येऊन भडंग न्हाई खाल्लं तर काय खाल्लं?"

"मला लसूण चालत नाही, बाळ," मी म्हणालो.

"म्हंजे तुमीबी उपाशीच! या पोरीला बाहेर चहा-नाश्त्याला चल म्हटलं की रोजच काय ना काय. सोमवार हाय, चतुर्थी हाय, एकादशी हाय. आन रविवार तर चुकतच न्हाई. रविवारी रात्री मेस बंद असती, आमी समद्या बाहेर जेवायला जातो. ही एकटी खोलीत बसती. म्हणती, माझा रविवारचा उपास." मग तिने माझ्याकडे वळून अगदी निष्पापपणे विचारले, "रविवारचा उपास कुठल्या देवाचा असतो वं?"

माझ्या घरात रविवारचा उपवास कोणी, कधीही धरलेला नाही. मी नातीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. फाटकाच्या गजावरचा उडालेला रंग नखाने खरवडत होती. सोमवार, चतुर्थी आणि एकादशी यांच्या मागे काय असावे, हे मला त्या क्षणी कळले.

खरे सांगावे, तर मैत्रिणीदेखत तिची लाज जाते. खोटे सांगावे, तर देवाच्या नावाने खोटे बोलणे होते, आणि ते माझ्या जिभेला आजवर ठाऊक नव्हते. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. शेवटी मी म्हणालो, "रविवार सूर्यनारायणाचा."

या वाक्यात एकही शब्द असत्य नव्हता. तरीही ते उच्चारल्यानंतर मला माझ्याच तोंडाची शंका वाटू लागली.

"बघ!" कुंडलची मुलगी नातीला म्हणाली, "म्या म्हटलंच व्हतं, तुझ्या घरात लय कडक हाय. बरं, चालले मी. आज माझ्याकडनं पार्टी हाय आजोबा, पगार झालाय माझा!"

"तू नोकरी करतेस?" मी विचारले.

"न्हाई वं! आमचे पप्पा मिल्ट्रीवाले. एक तारीख आली की पैसे टाकत्यात, मागू देत न्हाईत आन वर एक रुपया देत न्हाईत. आमी त्याला पगारच म्हणतो." ती हसत निघून गेली.

आम्ही दोघेच उरलो. मी काही विचारण्याआधीच नात म्हणाली, "आजोबा, बाबांना सांगू नका."

"तुला मागायला कोणी मनाई केली होती का?"

"नाही ना. तेच तर. मनाई असती तर भांडले असते." तिचा आवाज अगदी हळू होता. "मेसेज लिहिते मी. 'बाबा, पाठवाल का?' इतकं लिहून होतं. मग वाटतं, कशासाठी म्हणून लिहू? चहासाठी? कुणाच्या वाढदिवसाच्या वर्गणीसाठी? रविवारच्या डोशासाठी? लिहिलेलं पुसून टाकते. बाबा सगळ्यांना सांगतात, आमची पोर मागत नाही. आता मागितलं तर ते सगळं खोटं पडेल."

मी उपरण्याच्या गाठीतले दक्षिणेचे पाकीट काढून तिच्यापुढे धरले. "हे न मागता आलेले आहे. घ्यायला काहीच हरकत नाही."

तिने हात पुढे केला नाही. "तुम्ही आज आलात म्हणून हे आलं. पुढच्या रविवारी कोण येणार?" मग ती म्हणाली, "मी ठरवलंय, आजोबा. पुढच्या वर्षी घराजवळच नाव घालते. हा विषय तिथे नाही मिळणार, दुसरा घेईन. घरी असलं की पैसे लागत नाहीत."

"तुझा हा विषय तुला आवडतो ना?"

"खूप," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडमार्गे परत येताना सबंध रस्ताभर मी हाच विचार करीत होतो. अयाचित वृत्ती निर्दोष आहे, असे मी आजही मानतो. पण तिला एक आधार लागतो, तो म्हणजे कोणीतरी पाहत असण्याचा. सांगलीत तिच्याकडे पाहणारे कोणी नव्हते. आणि माझ्या मुलाने दिलेली मुभा उदार असली, तरी तिचा सगळा भार 'माग' या एका क्रियापदावर होता. मुलीला ते क्रियापद चालवता येत नव्हते. बापाचे दार उघडे होते आणि मुलीला उंबरा ओलांडता येत नव्हता. दोष कोणाचा म्हणावा? मी बोललो, तर ती याचना होणार होती. मी आयुष्यात कोणाकडे काही मागितले नव्हते, मुलाकडे तर नाहीच. गप्प राहिलो, तर तिचे शिक्षण सुटणार होते. जपाची माळ हातात असे आणि मन याच दोन टोकांमध्ये फिरत राही.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो असताना मुलगा प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, "अण्णा, ऐकलंत का? बाईसाहेबांना घरची आठवण येतेय. पुढच्या वर्षी इथंच नाव घालते म्हणाली."

सूनबाई वाढता वाढता थांबल्या. "अहो, असं कसं? इतक्या हौसेनं गेली होती ती."

"घरची ओढ! मला तर बरंच वाटलं. घर खायला उठतं तिच्याशिवाय."

मुलीच्या उपासमारीचा अर्थ बापाने माया असा लावला होता. आता गप्प राहणे मला शक्य नव्हते. मी हातातला घास ताटात ठेवला. "ओढ नाही ती. तिच्याजवळ पैसे नसतात."

"पैसे?" तो चकित झाला. "अण्णा, मी तिला कधी नाही म्हटलंय? एक मेसेज टाकायचा फक्त."

"तो मेसेजच तिच्या हातून होत नाही." मग मी रविवारची सगळी हकिगत सांगितली.

तो दुखावला. "मी काय सावकार आहे, बापाकडे मागायला लाज वाटायला?"

सूनबाई आमटीची वाटी भरता भरता, मान वर न करता म्हणाल्या, "मी भाजीचे पैसे कसे मागते तुमच्याकडे, सांगा बघू."

"तू कुठे मागतेस?"

"तेच म्हणते मी. 'आज बाजार आहे' एवढंच म्हणते. तुम्ही पाकीट काढता. लग्न होऊन आल्यापासून 'पैसे द्या' असं वाक्य माझ्या तोंडून निघालेलं नाही. इथं भागतं. ती तिकडून 'आज बाजार आहे' असं कुणाला म्हणणार?"

मुलगा बराच वेळ ताटात रेघोट्या ओढत राहिला. मग त्याने विचारले, "मग किती द्यायचे?"

तीन पिढ्यांच्या त्या घरात आकडा उच्चारायची सवय कोणालाच नव्हती. शेवटी त्याने डाव्या हाताने फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा करून पाटाशेजारी ठेवला.

"अगं, तुला खर्चाला किती लागतात?"

"काही नाही, बाबा. आहेत माझ्याकडे," लगेच उत्तर आले.

मुलाने माझ्याकडे पाहिले. बघा, असा भाव होता. आता मागे फिरणे म्हणजे तिला सोडून देणे होते. मी फोनच्या दिशेने वाकलो.

"मी आजोबा बोलतो आहे. मी तुझ्या बाबांजवळ सगळे सांगितले आहे. तुझ्यासाठी मी मागितले. मला ते जमले. आता आकडा तू सांग."

पलीकडून कुंडलच्या मुलीचा आवाज आला, "आगं, बोल की! तोंडात काय गूळ हाय?"

"आठशे," नात म्हणाली. "महिन्याला."

"आठशेत काय व्हतंय?" मागून पुन्हा आवाज. "पंधराशे म्हण, येडे!"

सूनबाईंना हसू आले आणि डोळ्यांना पदरही लावावा लागला. मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "तुझ्या मैत्रिणीचं ऐकतो मी. पंधराशे. एक तारखेला येत जातील. मागायचं नाही, कारण सांगायचं नाही, हिशेब द्यायचा नाही. आणि नाव तिथंच राहू दे. तू फक्त सुट्टीला ये."

"बरं," ती म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचे असावे, पण रडण्यामुळे ते आम्हाला कळले नाही.

ती सांगलीतच राहिली. दुसऱ्यासाठी मागणे ही याचना ठरते की नाही, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. ग्रंथ चाळतो, आणि दोन्ही बाजूंनी वचने सापडतात. परंतु त्या संध्याकाळचे एक राहून गेले. फोन ठेवल्यावर मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "अण्णा, तुमचंही महिन्याचं काही ठरवायचं का? कधी विचारलंच नाही मी."

"मला कशाला?" मी म्हणालो.

हे शब्द मी विचार करण्यापूर्वीच बाहेर पडले होते. तो थोडा वेळ थांबला. मी काही बोलावे, म्हणून थांबला असावा. मलाही बोलायचे होते. मग तो हात धुवायला उठला, आणि मी तसाच ताटासमोर बसून राहिलो.