तिच्या थांबण्याच्या जागा

कारखान्यात त्याला सगळे फुंक्या म्हणत. विडी-सिगरेटला त्याने जन्मात हात लावला नव्हता. तो काच फुंकायचा. कॉलेजांच्या आणि औषधांच्या प्रयोगशाळांना लागणारे चंबू, परीक्षानळ्या, आत वेटोळं असलेल्या लांब नळ्या. समोर भणभणणारी गॅसची ज्योत, दोन्ही हातांत सारखी फिरती काच आणि दातांत धरलेली रबरी नळी. वयाच्या चौदाव्या वर्षी जो त्या ज्योतीपुढे बसला, तो साठीला टेकला तरी तिथेच. नवीन कारागीर तीनदा श्वास घेतील तिथे हा एका दमात मोकळा. डॉक्टरने एकदा छाती तपासून विचारलं होतं, "पोहता का हो?" हा म्हणाला, "पाण्यात उतरलो तर बुडेन."

शिक्षण म्हणाल तर सहीपुरतं. कुराणाचं म्हणाल तर नमाजाला लागतात तेवढ्या लहान सूरह, म्हणजे अध्याय, कानाने पाठ, आणि समोर अरबी पान धरलं की सगळ्या मुंग्या. त्याची लाज त्याला वाटली असंही नाही, कारण घरात वाचणारी होती.

बायको रोज पहाटेची नमाज झाली की स्वयंपाकघरातल्या खाटेवर बसून कुराणातली यासीन ही सूरह म्हणायची. त्र्याऐंशी आयती, म्हणजे वचनं. पुस्तक मांडीवर उघडं असायचं, पण नजर बहुधा खिडकीकडे. संसार चौतीस वर्षांचा, म्हणजे हे किती वेळा झालं त्याचा हिशेब करू नये. आणि त्याने ते ऐकलं म्हणावं तर तेही खोटं. पहिली तीस-एकतीस वर्षं ते त्याच्या कानांवरून गेलं, शेजारच्या घरात पाणी भरल्याचा आवाज जातो तसं. तो बुटांच्या नाड्या बांधत असायचा.

"अहो, बसा ना दहा मिनिटं. रोज दोन ओळी शिकवते," ती म्हणायची.

"तू वाचतेस ना? घरात एकाने वाचलं की सगळ्यांचं भागतं."

"मग उद्यापासून जेवायलाही मी एकटीच बसते. तुमचं भागेल."

"काम सुटलं की शिकू गं," असं म्हणून तो सटकायचा. माणसं या वाक्यावर अख्खं आयुष्य काढतात.

मग तिची फुफ्फुसं सुकायला लागली. सुकतात म्हणे, उन्हात विसरलेल्या स्पंजासारखी, आणि पुन्हा ओली होत नाहीत. घरात प्राणवायूचं यंत्र आलं, तिच्या नाकात नळी आली. मुलीने नोकरी सोडली आणि आईपाशी बसली. तेव्हा कुठे हा मालकाला म्हणाला, "मी तासभर उशिरा येत जाईन." ती शेवटची तीन वर्षं तो रोज पहाटे खाटेसमोर स्टुलावर बसला आणि त्याने पहिल्यांदा यासीन ऐकली. दोन-चार शब्द, थांबा. मागून घेऊन पुन्हा दोन-चार शब्द, पुन्हा थांबा. सगळं संपायला चाळीस मिनिटं लागायची.

"तुमचा एक श्वास द्या मला," ती एकदा मध्येच नळी सारखी करत म्हणाली, "पहिलं पान एका दमात संपवून दाखवते."

तो हसला. दुसरं काय करणार? आजारी बायकोपुढे बसून रडायचं नसतं, एवढी अक्कल त्याला होती.

ती गेली. फोनमध्ये तिचे दोनशे फोटो निघाले, आवाज एकही नाही. कोणाला सुचलंच नव्हतं. यंत्रही परत गेलं. पहाटे उठून तो स्टुलावर बसायचा, समोर रिकामी खाट.

मुलगी म्हणाली, "अब्बा, फोनवर लावून देऊ का यासीन? मोठमोठ्या कारींनी म्हटलेली आहे."

"असतील. माझ्या बायकोचे ते कोण?"

आणि त्याने ठरवलं, आपणच शिकायचं. एकदा तरी अख्खी यासीन स्वतः, पान समोर धरून, नीट वाचायची आणि तिच्या नावे करायची. फार मोठं मागणं नव्हतं. पण साठाव्या वर्षी माणसाची जीभ जुन्या बिजागरीसारखी असते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

बाजारामागच्या गल्लीत एक बाइंडर होता. दिवसभर कचेऱ्यांच्या वह्या, विद्यार्थ्यांचे प्रबंध बांधायचा आणि संध्याकाळी प्रौढांना कुराण शिकवायचा. वय पंचेचाळीस, आवाज तयार, स्वभाव त्याच्या शिकंज्यासारखा: धरलं की सोडायचं नाही. सगळे त्याला कारीसाहेब म्हणत. खळीचा वास, कापडी पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि त्यांच्यामध्ये चटईवर दोन म्हातारे: एक आमचा फुंक्या, दुसरा निवृत्त बस कंडक्टर.

पहिले सहा महिने नुसती अक्षरं. घशाच्या तळातून येणारी, मधून येणारी, टाळूला चिकटणारी. फुंक्याची सगळी हयात गाल फुगवण्यात गेलेली, त्यामुळे कुठलंही अक्षर म्हणायचं झालं की गाल आधी फुगायचे.

"चाचा, हवा नको, आवाज हवाय," बाइंडर म्हणायचा. "हा चंबू नाही."

"पुढे चला, पुढे चला," कंडक्टर कुजबुजायचा. "आतमध्ये जागा आहे." तो स्वतः दोन पानं पुढे होता, आणि ते कोणाला विसरू द्यायचा नाही.

फुंक्याने सगळं सोसलं. कामावर ज्योतीसमोर तो ओठांत अक्षरं घोळवायचा. एकदा या नादात चांगली नळी वितळवून बसला, आणि मालक म्हणाला, "अल्लाचं नाव घ्या, पण काच बघून घ्या." आठव्या महिन्यात तो बोट ठेवून शब्द लावायला लागला. अकराव्यात एके संध्याकाळी चटईवर सावरून बसत म्हणाला, "कारीसाहेब, यासीन ऐकता का? मला येते."

"येते? आपण तिथवर पोचलोच नाही."

"कानाने येते. तीन वर्षं ऐकली आहे."

बाइंडरने हातातली सुई खाली ठेवली आणि डोळे मिटले. फुंक्याने सुरू केलं. अक्षरं आता बरी लागत होती. पण पहिल्या दहा आयतींतच बाइंडरचे डोळे उघडले.

"हे दोन शब्द दोनदा का घेतले?"

"दोनदाच आहेत."

"कुठे? बोट ठेवा."

बोट ठेवलं. शब्द एकदाच होते. फुंक्याने पान जवळ घेतलं, लांब धरलं, मागचं पुढचं पाहिलं. मग अगदी समजूतदारपणे म्हणाला, "तुमच्या प्रतीत छापायचं राहिलं असेल. छपाईत होतं असं."

कंडक्टरला ठसका लागला. ज्या ग्रंथाचं एक अक्षर चौदाशे वर्षांत इकडचं तिकडे होऊ नये म्हणून लाखो माणसं तो तोंडपाठ ठेवतात, त्यात छपाईची चूक. आणि हे सांगायचं कोणाला, तर पुस्तकं बांधणाऱ्या कारीला! बाइंडर लालबुंद झाला, मग हसला, मग म्हणाला, "तुमच्या घरची प्रत आणा उद्या. बघू तिच्यात काय छापलंय."

दुसऱ्या दिवशी फुंक्याने बायकोची प्रत कापडात गुंडाळून आणली. कोपरे झिजलेले, पानांना तिच्या बोटांचा मऊपणा. त्यातही शब्द एकदाच होते. पुढे जिथे जिथे तो दोनदा म्हणायचा, तिथे तिथे एकदाच. त्याचं बोट पानावर तसंच राहिलं.

"कोणाकडून ऐकलीत ही?" बाइंडरने आवाज खाली आणून विचारलं.

"बायकोकडून."

"छातीचा आजार होता त्यांना?"

फुंक्याने मान हलवली.

"वाचता वाचता मध्येच दम संपला तर थांबतात आणि दोन शब्द मागे जाऊन पुन्हा जोडून घेतात. तसाच नियम आहे, अर्थ तुटू नये म्हणून. त्यांना नीट शिकवलं होतं कोणीतरी. त्यांचं काहीही चूक नव्हतं, चाचा. तुमचं चूक आहे. तुम्ही धडधाकट आहात. तुम्ही तिथे का थांबता?"

"ती थांबायची."

"म्हणजे तुम्ही आयत नाही पाठ केलीत. त्यांची धाप पाठ केलीत."

हे बोलायला नको होतं. खरं होतं म्हणूनच नको होतं. फुंक्याने प्रत कापडात गुंडाळली, चपला घातल्या, आणि पुढचे तीन आठवडे तो त्या गल्लीला फिरकला नाही.

आपलं चूक असेल तर असू दे, असं त्याच्या मनाने घेतलं. तिचं म्हणून एवढंच शिल्लक होतं. आवाज नव्हता, पण आवाज कुठे तुटायचा ते त्याच्यापाशी होतं. या शब्दानंतर तिचा हात गुडघ्यावर यायचा. या जागी यंत्राचा सूं आवाज मोठा वाटायचा. इथे ती त्याच्याकडे बघून भुवई उडवायची, "बघा, इथवर आले." हे सगळं सोडून सरळ वाचत गेलं तर मध्ये ती राहणार कुठे?

एके पहाटे तो खाटेवर, तिच्या जागी बसून तिच्यासारखी यासीन म्हणत होता. दोन शब्द, थांबा. मागे घेऊन तीन शब्द, थांबा. मुलगी आता चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. ती वेणी अर्धी सोडून दारात आली. त्याला वाटलं, तिला बरं वाटलं असेल.

"अब्बा, नका म्हणू."

"का गं? अम्मीसारखंच होतंय ना?"

"म्हणून तर नको." अर्धी वेणी तिने मुठीत धरली. "तुम्ही सकाळची चाळीस मिनिटं ऐकायचात आणि कामावर जायचात. मी दिवसभर ऐकायचे. पाणी मागताना, हाक मारताना, संडासाला जाताना. ती थांबली की मी मनात आकडे म्हणायचे. चार झाले, पाच झाले, आली का परत. शेवटच्या दिवशी मी बावीसपर्यंत गेले, अब्बा."

तो तिच्या जागेवरून उठला.

"तुम्ही थांबलात की मी अजून मोजते. तिकडे आत वेणी घालताना मोजत होते." तिने डोळे पुसले, रागानेच. "तिला एकदा तरी पूर्ण दमात म्हणू द्या ना. तुमच्यापाशी आहे की एवढा दम!"

बाप आणि लेक एकाच घरात एकाच माणसाला रडत होते, आणि एकाचं औषध ते दुसरीचं विष झालेलं. घरोघरी असंच असतं. फक्त बोललं जात नाही. ही पोर बोलली हे बरं झालं.

तो परत चटईवर जाऊन बसला. बाइंडरने काही विचारलं नाही. फक्त यासीनच्या पानांच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि म्हणाला, "जिथे जिथे थांबता तिथे खूण करा." काचेवर माप आखायची मेणाची लाल पेन्सिल फुंक्याच्या खिशात कायम असे. त्याने एकेक जागा आठवून रेघ मारली. पानांवर गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं.

"आता एकेक पुसायची," बाइंडर म्हणाला. "तोंडातून. कागदावर राहू देत."

शिकण्यापेक्षा विसरणं अवघड, हे कोणी सांगायला नको. छातीत भाता भरलेला असायचा आणि तरी त्या शब्दापाशी घसा आपोआप बंद व्हायचा. बाइंडर बोटाने चटईवर टकटक करायचा: चला, चला. कंडक्टरने मात्र "पुढे चला" म्हणणं तेव्हापासून बंद केलं. एकदा तर फुंक्या अडला तेव्हा तो दुसरीकडे बघत म्हणाला, "माझी गेली तेव्हा मी वर्षभर दोन तिकिटं फाडत होतो." खरं होतं की थाप, देव जाणे, पण त्या दिवशी फुंक्याची गाडी पुढे सरकली.

एकेक जागा बुजत गेली. एखादी सुटली की बाइंडर "वा, चाचा" म्हणायचा, आणि फुंक्या घरी जाताना रस्त्याने ती जागा आठवून बघायचा. हात गुडघ्यावर यायचा ती कुठली? पुढची की मागची? पाच महिन्यांनी ज्या दिवशी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत न अडखळता गेला, त्या दिवशी बाइंडरने उठून त्याला मिठी मारली. कंडक्टरने हात धरला. फुंक्या अवघडून उभा राहिला, अंगावरचं पांघरूण कोणीतरी काढून नेल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी पहाटे नमाज झाली. त्याने हात-तोंड-पाय धुऊन वजू पुन्हा केला, उगाचच. मुलगी दुकानाचे कपडे घालून खाटेवर बसली, तो स्टुलावर. बायकोची प्रत त्याने मांडीवर उघडली आणि वाचायला सुरुवात केली.

वाचली, छान वाचली. गाल फुगले नाहीत, घशातली अक्षरं घशातून आली, जिथे थांबायची छापील खूण तिथे थांबला आणि जिथे नाही तिथे लांब आयतीसुद्धा एका दमात पार झाल्या. मुलीने आधी हाताची बोटं घट्ट आवळून धरली होती. मग ती सुटली, एकेक करून, आणि तिने भिंतीला डोकं टेकलं. शेवटची आयत झाली. त्याने ओंजळ पसरून बायकोच्या नावे दुआ मागितली, तोंडावरून हात फिरवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

अठरा मिनिटं झाली होती.

"झाली?" मुलीने डोळे न उघडता विचारलं.

"झाली."

"एवढीच?"

"एवढीच आहे ती."

त्याला वाटलं, आता एक पान तिच्यासारखं म्हणून बघावं, मनातल्या मनात, पोरीला ऐकू न जाता. त्याने डोळे मिटले, ओठ हलवले. पहिला शब्द आला, दुसरा आला, आणि तिसऱ्यावर थांबायचं म्हणून तो थांबला. पण ते नुसतं थांबणं होतं. आत श्वास भरपूर होता.

ती असती तर या वेळी चाळिसाव्या आयतीच्या आसपास असती. अजून बावीस मिनिटं तिची होती. कामावर निघायला हरकत नव्हती, ज्योत पेटवायची होती, दोन डझन चंबूंची मागणी पडून होती. तो स्टुलावरून उठला नाही. मुलगीही उठली नाही. तिला दुकानात उशीर होत होता, तरी दोघं तशीच बसून राहिली, मांडीवर पुस्तक मिटलेलं, उरलेली सगळी मिनिटं.