हालाँगच्या खाडीतला करपलेला भात

सुहासभाऊ गेल्याचं वहिनींनीच फोन करून सांगितलं. इकडे परदेशात, युट्रेख्टमधल्या आमच्या हॉटेलात तेव्हा आत बसून जेवायला बंदी होती, फक्त पार्सलं चालू. मी डाळीच्या डब्याला झाकण लावत होतो. "दत्ता, भाऊ गेले रे," एवढंच म्हणाल्या, आणि मग विचारलं, "तू जेवलास का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो. पिशवीला गाठ मारली, दारात सायकल घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिली आणि आत भांड्यांच्या खोलीत जाऊन बसलो...

पुण्यात कोरोनाची दुसरी लाट होती. बेड मिळेना म्हणून भाऊंना रिक्षात घालून दारोदार फिरवलं होतं. वहिनींना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. चष्मा आणि मोबाईल, तेवढं प्लास्टिकच्या पिशवीतून परत आलं. मी जाऊ शकलो नाही. भारतातून इकडे येणारी विमानं बंद, आणि माझं इथलं राहणं नोकरीला बांधलेलं. गेलो आणि तिकडेच अडकलो तर? भाऊ गेले त्या दिवशीसुद्धा माझ्या मनात हे येऊन गेलं. भीती माझ्या अंगातच आहे. भाऊंना ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

भाऊ टूर मॅनेजर आणि मी त्यांच्या सहलींचा आचारी. परदेशात गेलं तरी आपल्या मंडळींना रात्री वरण-भात लागतो, म्हणून कंपनी आचारी बरोबर नेते, हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी अनुभवलं असेल. मी आठवीत शाळा सोडलेला, कराडकडच्या लग्नांत पंगतींचा स्वयंपाक करणारा. पासपोर्ट काढून दिला भाऊंनी, विमानात पट्टा कसा लावायचा तेही त्यांनीच दाखवलं. व्हिएतनामला आम्ही पुष्कळदा गेलो, पण मी पाहिलं काय, तर हॉटेलांची मागची दारं. कू चीची भुयारं, होई आनचे कंदील, ह्वेचा राजवाडा, हे सगळं मी ऐकलेलं. बसच्या शेवटच्या सीटवर, तांदळाच्या पोत्याला टेकून, माइकवरच्या भाऊंच्या आवाजात. "मंडळी, भुयार अरुंद आहे. ज्यांचं पोट त्यांच्या पुढे चालतं, त्यांनी वरूनच नमस्कार करावा." दर सहलीत तेच वाक्य आणि दर सहलीत तोच हशा. होई आनला नदीत दिवे सोडताना म्हणायचे, "काय मागायचं ते मागा, फक्त शॉपिंगला जादा वेळ मागू नका."

सहलीचा शेवट हालाँगच्या खाडीत. दिवसभर बोटीवर, आणि मी बोटीच्या पोटात, गॅसपाशी. एकदा भाऊ जिना उतरून खाली आले आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला.

"वर जा."

"भाऊ, भात लावलाय."

"भात मी बघतो. इतक्यांदा आलास, डोंगर बघितलास का एकतरी?"

मी वर गेलो. पाण्यातून सरळ वर आलेले डोंगर, एकामागे एक, शेवटचे धुक्यात पुसत गेलेले... मी खाली यायचं विसरलो. भाऊंना भातातलं काही कळत नव्हतं. वास वरपर्यंत आला तेव्हा मी धावलो, पण तोवर बुडाचा कोळसा झाला होता. नोकरी गेली, असंच धरून चाललो होतो. भाऊंनी शांतपणे वरचा भात वाढायला घेतला आणि माइकवर म्हणाले, "मंडळी, आज खास हालाँगचा धुरी दिलेला भात. पुण्यात मिळणार नाही." एका आजींनी तर दुसऱ्यांदा मागून घेतला. त्याच पंगतीत जेवलेल्या एका पाहुण्यांचं इथं युट्रेख्टला हॉटेल. "माणूस भित्रा आहे, पण हाताला चव आहे," असं सांगून भाऊंनी मला त्यांच्या स्वाधीन केलं. आज घरी पैसे जातात, बहिणीचं लग्न झालं, ते त्या एका वाक्यावर.

मग सहलीच थांबल्या. भाऊ घरात बसले. फोनवर म्हणायचे, "यंदा घसा बसला नाही बघ, वापरच नाही." सहली परत सुरू झाल्या की पहिली स्वतः तिकीट काढून, वहिनींना घेऊन करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. "हिला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवीन. तू पण ये. स्वयंपाकाला हात लावायचा नाही."

ते गेल्यावर काही आठवड्यांनी वहिनींचा परत फोन आला. म्हणाल्या, "जन्मभर लोकांना जग दाखवलं. घरी यायचे ते घसा बसवून, माझ्याशी बोलायला आवाजच उरायचा नाही. व्हिएतनाममधलं मला एकच सांगितलंय, तुझा करपलेला भात. दत्ता, तू ऐकलंयस त्यांना. ते कसे सांगायचे, तसं सांग मला."

मी काय भाऊंसारखं बोलणार? पण पुढच्या रविवारी फोन लावला आणि भाऊंच्याच रोजच्या वाक्यानं सुरुवात केली, "मंडळी, पाणी आणि पासपोर्ट जवळ आहे ना?" पलीकडे वहिनी हसल्या. रविवारी थोडं थोडं असं करत आम्ही भुयारं केली, कंदील केले, राजवाडा केला. हनोईत मात्र मी रेंगाळलो. हालाँग झालं की सहल संपणार, मग भाऊंचं सांगण्यासारखं माझ्याकडे काय उरणार... तळं, देवळं, कॉफी, जे आठवेल ते सांगत राहिलो. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "हनोईत काय घर घेतोयस का? चल पुढे."

परवा रविवारी मी त्यांना बोटीवर नेलं. आकाशातून ड्रॅगन उतरला, त्यानं तोंडातली रत्नं समुद्रात टाकली, त्यांचे हे डोंगर झाले. "खरं-खोटं ड्रॅगनला विचारा." एवढं झालं की भाऊ काय करायचे, ते मला खाली गॅसपाशीही कळायचं, कारण वरचा आवाज थांबायचा. तसंच मी म्हणालो, "मंडळी, आता मी गप्प बसतो. तुम्ही बघा."

आणि गप्प बसलो. माझ्या खिडकीबाहेर कालवा होता, बंद दुकानं होती. तिकडून वहिनींचा श्वास तेवढा ऐकू येत होता. फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.