मथुराबाईंचे गुडघे

माझी आत्या आपल्या कुत्रीला 'अहो' म्हणायची. "अहो मथुराबाई, जेवून घ्या." "अहो, उन्हात कशाला बसलात, आत या." नेवाशात नवीन आलेला एखादा माणूस तिच्या दारावरून जाताना हे ऐकायचा आणि घरात कोणी वयस्कर पाहुणी असेल असं समजून पुढे जायचा. आत्यानं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे गावाला चेष्टेचं निमित्त आयतंच मिळालं होतं. भाजीची गाडी घेऊन येणारा एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "बाई, जन्मभर कुनाला अहो म्हनला न्हाई, आन् आता कुत्रीला म्हनता व्हय?" आत्या पालेभाजीच्या जुड्या उलटसुलट करत म्हणाली, "कुत्र्याच्या वयानं ती माझ्याहून थोरली आहे. थोरल्यांना अगंतुगं करायची आमच्याकडे पद्धत नाही. ही कोथिंबीर कालची आहे, दुसरी दे."

आत्या तहसील कचेरीत टंकलेखक होती. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तहसीलदारांच्या किती बदल्या झाल्या, टाइपरायटर कचेरीतून भंगारात गेले, तरी गाव तिला टायपिस्ट बाईच म्हणायचं. डावीकडे रुंद समास सोडल्याशिवाय तिनं कधी कागद साहेबापुढे नेला नाही. "साहेबाला शेरा मारायला जागा लागते," ती सांगायची. पुढे हा समास तिच्या सगळ्याच वागण्यात उतरला. एसटी सुटायच्या फार आधी ती स्टँडवर जाऊन बसायची. भात मूठभर जास्तच लावायची. आणि माणसांच्या बाबतीतही ती समास सोडून राहायची. माझ्या लग्नानंतर ती आमच्या नगरच्या घरी कधी मुक्कामाला राहिली नाही. सकाळी यायची, जेवून दुपारच्या गाडीनं परत जायची. "तुमचं घर तुम्हाला राहू दे," म्हणायची. मी आग्रह करायचो, पण ती थांबणार नाही हे माहीत असल्यासारखा करायचो. ते मला सोयीचं होतं.

मथुराबाई तिच्याकडे आली ती ऊसतोडीच्या टोळीमागून. कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला, टोळीनं पालं उचलली, ट्रॅक्टर पाथर्डीच्या दिशेनं निघून गेले आणि ही एक पिवळट रंगाची, कान पडलेली कुत्री मागे राहिली. आत्याच्या ओट्याखाली येऊन बसली. आत्यानं पहिल्या दिवशी तिला हाकललं, दुसऱ्या दिवशी ताक-भात घातला आणि तिसऱ्या दिवशी नाव ठेवलं. "एवढ्या माणसांनी सोडली तिला, आता निदान नीट हाक तरी मारावी," एवढंच तिचं म्हणणं.

मी दर रविवारी फोन करायचो. बोलणं ठरलेलं. "कशी आहेस?" "आम्ही दोघी बऱ्या आहोत." एका रविवारी मात्र ती म्हणाली, "मथुराबाईंचे गुडघे धरलेत. ओट्याची पायरी चढत नाहीत. सुधीर, तुझ्या ओळखीचं नगरला कोणी आहे का रे कुत्र्यांचं?" आत्यानं माझ्याकडे काही मागितलं, असं मला तरी पहिलंच आठवतं. मला बरं वाटलं. पुढच्याच सुट्टीला गाडी घेऊन मी नेवाशाला गेलो. मागच्या सीटवर सतरंजी टाकली. मथुराबाईचं डोकं मांडीवर घेऊन आत्या नगरपर्यंत ताठ बसून आली.

कुत्र्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं एक्स-रे काढले, रक्त तपासलं आणि सांगितलं, की मागच्या दोन्ही गुडघ्यांत संधिवात आहे, आणि मूत्रपिंडावर ताण दिसतोय, म्हणून दुखण्याच्या गोळ्या फार दिवस देता येणार नाहीत. मग तिनं दुसरा उपाय सुचवला. मथुराबाईचंच रक्त काढायचं, नळीत भरून यंत्रात गरगर फिरवायचं, म्हणजे लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. जखम झाली की ती भरून काढायला रक्तातले जे बारीक कण धावतात, ते त्या पाण्यात गोळा करायचे आणि तेच इंजेक्शननं गुडघ्यात सोडायचं.

"म्हणजे हिचंच हिला?" आत्यानं विचारलं.

"हो आजी. बाहेरचं काही नाही."

"मग ते आतल्या आत का नाही जात गुडघ्यात? अंगातच आहे ना?"

डॉक्टर हसली. "सांध्यात रक्त फार कमी पोचतं, आजी. आपण फक्त जिथं हवं तिथं नेऊन ठेवतो. पण नक्की सांगत नाही हं. काहींना चांगला फरक पडतो, काहींना थोडा, काहींना नाहीच."

"कचेरीतही असंच असायचं," आत्या म्हणाली. "अर्ज इमारतीतच असायचा, टेबलावर पोचायचा नाही."

इंजेक्शन द्यायच्या दिवशी मथुराबाईला गुंगी दिली. मानेजवळचे केस काढून रक्त घेतलं. यंत्र थांबल्यावर डॉक्टरनं नळी उजेडात धरून आत्याला दाखवली. आत्या बाकावरून उठली ती टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून, थांबत थांबत. मला वाटलं, ती कुत्रीवर वाकते आहे. मी त्याचा फोटोही काढला. तो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. आता त्यात मला आत्याचे पांढरे पडलेले पंजे सोडून दुसरं काही दिसत नाही.

डॉक्टरनं सूचना दिल्या. सुरुवातीला गुडघे थोडे जास्त दुखतील, घाबरू नका. काही दिवस पूर्ण विश्रांती, उड्या नाहीत, पायऱ्या नाहीत. मग पट्टा लावून हळूहळू चालवा, आणि चालणं रोज थोडं वाढवा. आत्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. अडचण एकच होती. आत्या उठली की मथुराबाई उठायची. आत्या स्वयंपाकघरात गेली की ही लंगडत मागे. दारात गेली की दारात. दोन दिवस हे बघून आत्यानं तिचा तोडगा काढला. पुढच्या खोलीत जमिनीवर गादी घातली, शेजारी मथुराबाईचं पोतं, आणि स्वतः बसून राहिली. शेजारच्या सुमनला जेवणाचा डबा सांगितला. पाण्याची कळशी हाताशी. सुमन मला फोनवर म्हणाली, "दादा, कुत्रीला डाक्टरनं बसवलंय का बाईला, काय कळंना झालंय."

आम्ही दोघं फोनवर खूप हसलो.

पुढे चालवायचे दिवस आले तेव्हा सुमनच पट्टा धरून मथुराबाईला गल्लीत नेऊ लागली, आणि आत्या गादीवरून त्यांना बघू लागली. आपण बाहेर निघालो तर कुत्री आपल्याला ओढत लांब नेईल, अशी तिला भीती. डॉक्टरनं सांगितलेले दिवस संपले, त्यावर आत्यानं आपल्या पद्धतीनं आणखी दिवस सोडले. "घाई कशाला? इतकं केलंय ते वाया जायला नको."

आणि फरक पडला. सुमननं व्हिडिओ पाठवला: गल्लीतून मथुराबाई धावत येते, ओट्याची पायरी एका दमात चढते. मी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. "आत्याच्या मथुराबाई पळू लागल्या!" बहिणीनं टाळ्यांची चित्रं पाठवली. व्हिडिओच्या शेवटी दारात आत्या दिसते. बसलेली. चौकट धरून उठायला बघते आणि परत बसते. आमच्यापैकी कोणालाच ती दिसली नाही.

मी नेवाशाला गेलो तेव्हा आत्याला आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं. नगरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "आजी, गुडघे आधीच झिजले होते तुमचे. त्यात इतकं बसून राहिलात, मांड्यांतली ताकदच गेली." ऑपरेशनला हृदयाच्या डॉक्टरांनी नको म्हटलं. आत्या हसून म्हणाली, "मग माझंही रक्त काढा आणि फिरवा की!" ते मात्र हसले नाहीत. "लवकर आला असतात तर तेही करून पाहिलं असतं," म्हणाले. आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. इतक्या रविवारांत मी कुत्रीच्या गुडघ्यांची चौकशी केली होती.

तिला मी आमच्या घरी आणलं. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि बायकोला कुत्र्याच्या केसांनी धाप लागेल असं आम्हाला वाटायचं. मथुराबाई सुमनकडे राहिली. "थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे," मी आत्याला म्हणालो. तिनं मान डोलावली. मुक्कामाला न राहणारी माझी आत्या अशी आमच्याकडे राहिली, कोपऱ्यातल्या पलंगावर, जागा अडवू नये म्हणून पाय आखडून. आल्यागेल्याशी ती हसून बोलायची. घरात मुलं धरून आम्ही चौघं होतो, तरी तिच्याइतकं एकटं माणूस मी पाहिलेलं नाही.

सुमन अधूनमधून व्हिडिओ कॉल लावायची. "बाई, तुमचा आवाज आला की ही मोबाईलच्या मागं जाऊन हुडकती बगा." आत्या मोबाईल जवळ धरून म्हणायची, "अहो मथुराबाई, फिरून आलात का? जेवलात का? सुमनला त्रास देऊ नका." एकदा कॉल संपल्यावर तिनं मोबाईल पदरानं पुसून मला परत दिला. मग म्हणाली, "पाय चांगले झालेत हो तिचे." तक्रार नव्हती त्यात. ती खरंच खूश होती.

थंडीत छातीत कफ झाला आणि आत्या गेली. तिचे दिवस झाल्यावर बायको आपणहून म्हणाली, "मथुराबाईला घेऊन या. केसांचं बघू काय ते." हेच आधी सुचलं असतं तर, असं आम्ही दोघंही म्हणालो नाही.

मी नेवाशाला पोचलो तेव्हा सुमन म्हणाली, "न्या, पन सकाळची फेरी मारल्याबिगर ती गाडीत बसायची न्हाई. बाई न्यायच्या तसं नदीपोतर जाऊन या." मी पट्टा घेतला. मथुराबाई झपाझप चालली. आणि गल्ली संपते तिथल्या मोरीच्या कठड्याजवळ एकदम खाली बसली. मी ओढून पाहिलं. हलेना. मला वाटलं, गुडघे पुन्हा दुखायला लागले. वाकून तिचे पाय दाबून पाहिले, दुमडून पाहिले. ती शांत होती. पुढे दळणाच्या गिरणीच्या ओट्यापाशी तेच. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर एका दगडापाशी परत तेच. ती बसायची आणि मान वळवून मागे बघायची.

त्या दगडापाशी एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. म्हणाली, "बसा की. बाई बसायच्या हितं."

"कुत्रीचे पाय दुखायचे म्हणून?" मी विचारलं.

"कुत्रीचं कशाचं? बाईचं. ही लंगडायच्या आदीपासनं. लई दिसांपासनं. बाई बसल्या की ही बसायची, बाई उठल्या की उठायची."

मी त्या दगडावर बसलो. खाली प्रवरेचं पाणी संथ होतं. मथुराबाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, ती माझ्या गुडघ्यांकडे बघत होती. बऱ्याच वेळानं मी दगडाला हात टेकून उठलो, तेव्हा तीही उठली, आणि आपले बरे झालेले पाय आवरून, माझ्या बाजूनं, हळूहळू चालू लागली.