तेल न मुरणारे केस

मी नववीत गेले त्या वर्षी आईच्या केसांची देखभाल माझ्याकडे आली. तिचे खांदे आखडले होते, हात डोक्यापर्यंत जात नसत. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. नागपुरात गोळीबार चौकामागच्या विणकरांच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढच्या खोलीत बाबांचा हातमाग, मागे चूल आणि मधल्या सोप्यात आईचा चरखा. चरख्यावर ती कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसणारी, सुताने भरलेली लहानशी नळी. ती संपली की विणणाऱ्याचा हात थांबतो, म्हणून आईला नेहमी बाबांच्या थोडं पुढे राहावं लागे. बरीच वर्षं ती तशी राहिलीही.

तिचे केस कमरेखाली पोचणारे होते. आधी ते राठ झाले, मग कोरडे ठणठणीत. फणी घातली की मधूनच तुटायचे आणि तुटलेली टोकं तिच्या पाठीवर, माझ्या मांडीवर, जमिनीवर पडायची. तिळाचं तेल कोमट करून मी मुळांशी चोळायचे. सकाळी ते उशीच्या अभ्र्याला लागलेलं असे. केस मात्र तसेच, हाताला कुरकुरणारे.

गल्लीतल्या बायका उपाय सांगत आणि मी ते करून बघे. आधी मी साबण बंद केला. रिठ्याने केस आणखी कोरडे पडतात असं लक्षात आल्यावर तोही सोडला आणि नुसती शिकेकाई ठेवली, तीही आठवड्यातून एकदाच. भिजवलेली मेथी वाटून दह्यात कालवून लावली. औषधांच्या दुकानातून ग्लिसरीनची बाटली आणून ते गुलाबपाण्यात मिसळून लावलं. सगळ्यात जास्त आशा मला जवसाची होती. मूठभर जवस पाण्यात उकळले की पाणी लाळेसारखं बुळबुळीत होतं. गरम असतानाच ते फडक्यातून पिळून घ्यायचं, नाहीतर गाळलं जात नाही. निवल्यावर मी ते एकेक बट घेऊन आईच्या केसांना लावायचे. ओले असेपर्यंत केस इतके मऊ लागायचे की मला वाटे, झालं, जमलं. दुपार ओसरेपर्यंत पुन्हा जसेच्या तसे.

"मऊ झाले का वं?" आई विचारायची.

"हो, आधीपेक्षा बरे आहेत," मी म्हणायचे.

याच दिवसांत तिचा चरखा मंदावला. सूत हातात धरून ती नुसती बसून राही. डोळ्यांखाली सूज असे. बोलणं जड झालं होतं, शब्द जणू ओढून काढावे लागत. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा आम्ही ओला पंचा डोक्यावर घेऊन वावरायचो, ती चादर पांघरून बसायची.

बाबा माणूस वाईट नव्हते. पण माग थांबला की त्यांचा तोल जाई. पुढच्या खोलीतून आवाज येई, "कांड्या कुठं आहेत वं? मी काय हात बांधून बसू?" आई उठायची, पण उठायलाच तिला वेळ लागे. मग एकदा ते मागावरून उतरून सोप्यात आले. मी आईच्या केसांना जवस लावत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कामाले अंग उचलत नाही, न् इथं केस सजवणं चालू आहे. झोपून झोपून आळशी झाली तुझी माय." आईचं डोकं माझ्या हातांत होतं. ते जरासुद्धा हललं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

गल्लीतल्या एका बाईने सांगितलं की विहिरीचं खारं पाणी केसांना मारतं, नदीचं पाणी लागलं पाहिजे. माझी मावशी खाप्याला राहायची, कन्हान नदीच्या काठी. शाळेला सुट्टी होती. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "ने तिले. इथं तरी का करून राहिली ती?" मी आईला घेऊन एसटीने खाप्याला गेले.

मावशी दारातच थबकली. वर्षभरात बहिणींची भेट झाली नव्हती. तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तशीच बघत राहिली.

"हिचा आवाज काहून असा घोगरा झाला वं?" तिने मला विचारलं. "न् भुवया कुठं गेल्या हिच्या?"

मी बघितलं. खरंच, भुवयांची बाहेरची टोकं उडून गेली होती. रोज समोर असलेला चेहरा, पण मी केसांपुढे काही बघितलंच नव्हतं.

कन्हानच्या पाण्यानेही केसांत फरक पडला नाही. पण मावशीने आता केसांचा विषयच सोडला होता. ती आईला बोलतं करी, तिच्या पायांवर बोट दाबून बघे, दुपारी ती किती झोपते यावर लक्ष ठेवी. शेवटी आमच्याबरोबर ती स्वतःच नागपूरला आली आणि बाबांना म्हणाली, "भाऊजी, इले डॉक्टरले दाखवा."

"काय सांगू डॉक्टरले? केस कोरडे पडले म्हणून?"

"हो, तेच सांगा. बाकीचं त्यायले दिसन."

बाबा आले नाहीत. मावशी आणि मी आईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. बराच वेळ रांगेत बसल्यावर आत बोलावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी खरोखरच म्हटलं की आईचे केस फार कोरडे झालेत, तेल मुरत नाही. त्यांनी एक बट बोटांत चोळून बघितली. मग आईला विचारलं, "थंडी वाजते का?"

आईने मान हलवली. "उन्हाळ्यातही वाजते. कोणी खरं मानत नाही."

त्यांनी आईला स्टुलावर गुडघे टेकायला लावले आणि टाचेच्या वर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला उशीर झाला. बाईंनी पुन्हा मारून बघितलं. मग त्या मावशीशी बोलल्या. गळ्यात एक ग्रंथी असते, शरीराचं सगळं काम तिच्या जोरावर चालतं, ती ग्रंथी थकली आहे. रक्त तपासू, पण मला जवळजवळ खात्री आहे. कातडी, केस, आवाज, झोप, सगळं त्यातूनच आलंय. गोळी मिळेल, ती जन्मभर घ्यावी लागेल.

"म्हंजे मी आळशी नाही," आई म्हणाली. डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मावशीने तोंडाला पदर लावला.

गोळ्या सुरू झाल्या. आधी सूज उतरली, मग थंडी गेली. केस सगळ्यात शेवटी सुधारले. मुळांकडून नवे मऊ केस आले आणि खालचे जुने राठ तसेच राहिले, तेव्हा मी ते कापून टाकले. खांद्यापर्यंत उरले, विरळ, पण तेल लावलं की ते आत मुरायचं. पहिल्यांदा तसं झालं त्या दिवशी मी बाबांना हाक मारून दाखवलं. ते आले, बघितलं आणि मागावर जाऊन बसले.

मला वाटलं होतं की आई बरी झाली की घर पूर्वीसारखं होईल. पण अंगात ताकद आली तसा तिचा राग जागा झाला. त्या जड दिवसांत तिला काही ऐकू जात नसेल असं आम्ही समजत होतो. तिने सगळं ऐकलं होतं. कांड्या ती पूर्वीसारख्या भराभर भरू लागली, पण भरलेल्या कांड्यांची टोपली बाबांच्या हातात द्यायची नाही. दारात ठेवायची आणि वळायची. बाबांनी एकदा विचारलं, "आता काय झालं वं? बरी झाली ना तू?"

"बरी झालो," आई म्हणाली. "पण तुम्ही काय म्हनलं ते बी आठवते मले."

बाबा धोटा उचलून पुन्हा विणायला लागले. चुकलो असं ते म्हणाले नाहीत. आईने ते मागितलंही नाही. पुढे कितीतरी महिने ती दोघं एकाच घरात, एकाच धाग्यावर काम करत राहिली आणि कामापुरतंच बोलली. मी दोघांच्या मधल्या त्या सोप्यात अभ्यासाला बसायचे, कान सतत उघडे ठेवून.