अर्धं पोतं

माझ्या मागून कुणीतरी मेंढीसारखं ओरडलं, बें बें, आणि अख्खं मैदान हसलं. मी जमिनीवर पालथी. तोंडात माती. माझ्या पाठीवर इरफान आडवा पडलेला आणि माझ्या मुठीत अजून त्याचा एक पाय.

झालं ते असं. पडेगाव सोडून दौलताबादकडं निघालं की रस्त्याला लागूनच आमची अकॅडमी होती. पोलीस भरती, सैन्य भरती, सगळ्याची तयारी तिथं व्हायची. मी सैन्यासाठी जायचे. त्या सकाळी सरांनी मोबाइलवर काहीतरी ऐकलं होतं. बायकांना लढाईच्या तुकड्यांत घ्यावं का नाही, असा कुणाकुणाचा वाद चालला होता. सरांनी पळणं थांबवलं, सगळ्यांना गोल बसवलं. म्हणाले, बायकांनी विमान उडवावं, ऑफिस सांभाळावं, आपली ना नाही. पण गोळी लागलेला जवान उचलून आणायची वेळ आली तर काय करणार? आणि माझ्याकडं बोट केलं. मुलींमध्ये पळायला मी पहिली, म्हणून मीच. इरफान आमच्यातला वजनानं सगळ्यात भारी गडी, त्याचा बाप वाळूजला कंपनीत. त्याला जखमी म्हणून झोपवलं.

माणूस कसा उचलायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मुलांना दर रविवारी शिकवायचे. तेव्हा आम्हा मुलींना शेडमध्ये पाठवायचे, हातपाय मोकळे करा म्हणून. पोती उचलायच्या वेळीही तसंच. मुलांना वाळूचं भरलेलं पोतं, आम्हाला अर्धं. अर्ध्या पोत्यांना गुलाबी नाडी बांधलेली, ओळखू यावं म्हणून.

मला उचलता यायचं ते फक्त मेंढरू. हात आपोआप तसेच गेले. मी खाली बसले, इरफानच्या पोटाखाली मान घातली, एका बाजूनं त्याचे हात आणि दुसऱ्या बाजूनं पाय ओढून छातीशी आवळले. लंगडं मेंढरू असंच खांद्यावर घेतात. गुडघ्यांतून उठायला गेले, निम्म्यात आले, आणि गेला तोल.

खोटं सांगणार नाही. माझ्याच्यानं तो उचलला गेला नाही.

हसणं थांबेपर्यंत सर थांबले. मग म्हणाले, "धनगराची हाय ती. मेंढरं उचलायची सवय. माणूस उचलायला मर्द लागतो."

सरांच्या घरचं रान आमच्याच गावात. सुगी सरली की आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. रात्रभर लेंड्या पडल्या की फुकटात खत. माय सकाळी धान्य आणायला जायची ती अंगणातच उभी राहायची. ओट्यावर चढायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. मेंढरांचं खत त्यांना गोड लागायचं. आता त्याच मेंढरांचं नाव घेऊन त्यांनी मला सगळ्यांसमोर मातीत घातलं. मी उठले, कपडे झटकले आणि रांगेत जाऊन उभी राहिले. एक शब्द बोलले नाही. आजही त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

कारण मला सांगता आलं असतं. माझ्या मायनं माझ्या बापाला उचलून आणलं होतं.

मी तेव्हा शाळेत होते. दौलताबादच्या किल्ल्यामागच्या डोंगराला मेंढरं चारायला दोघंच गेली होती. आबांच्या छातीत कळ आली आणि ते बसले ते आडवेच झाले. आसपास माणूस नाही, फोनला रेंज नाही. मायनं त्यांना खांद्यावर घेतलं आणि दगडधोंड्यांतून खाली सडकेवर आणलं. एका टेम्पोवाल्यानं दोघांना दवाखान्यात नेलं. आबा गेले होते. माती झाली, दहावा झाला, येणारे-जाणारे म्हणायचे, बाई धीराची हाय. तेवढंच. डोंगरावरून सडकेपर्यंत तिनं त्यांना कसं आणलं, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. तेव्हापासून तिची मान एका बाजूला नीट वळत नाही, आम्हाला त्याचीही सवय झाली होती.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा माय वाघर लावत होती. वाघर म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण. मी एक टोक धरलं. सकाळचं सगळं सांगितलं, आणि मग विचारलं, आबांना तू कसं उचललंस? तिनं हातातली खुंटी ठोकून पुरी केली.

मग म्हणाली, "मेंढरू अंग देतं. त्याला जगायचं आसतं, ते आपल्याला धरून ऱ्हातं. तुझा बाप अंग देत नव्हता. तवाच मला कळलं."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. आबा डोंगरावरच गेले होते. तिला ते ठाऊक होतं. तरी ती तो सगळा डोंगर त्यांना घेऊन उतरली होती.

"मग कशाला उचललं, माय?"

"रानात ठिवू का मग?"

एवढं बोलून ती पुढच्या खुंटीकडं गेली. मी तिथंच बसून रडले. आबांसाठी रडले, तिच्या मानेसाठी रडले. इतकी वर्षं हे एकटीनं उरात घेऊन ती भाकरी थापत होती, मेंढरं हाकत होती, आणि आम्ही तिला साधं विचारलं नव्हतं. पडण्याचं दुःख मला तेवढं राहिलं नाही. पण एक गोष्ट डोक्यात नीट बसली. गेलेल्या माणसालाही मागं ठेवायचं नाही, हे माझ्या मायला कुठल्या सरांनी शिकवलं नव्हतं. आणि मला ते नुसतं मायेवर जमणार नव्हतं. शिकावं लागणार होतं, अंगात जोर आणावा लागणार होता. अर्ध्या पोत्यानं तो येणार नव्हता.

मी सरांना म्हटलं, रविवारी मलाही मुलांबरोबर शिकवा. ते म्हणाले, तुम्हा मुलींच्या भरतीत ते नाही, उगा कंबर मोडून घेशील. ते खरंही होतं. मुलींना आज सैन्यात जिथं घेतात तिथं माप वेगळं, आणि पायदळाचं दार तर अजून बंदच. पण दार बंद आहे म्हणून तयारीही करू द्यायची नाही, आणि मग तयारी नाही म्हणून हसायचं, हे कुठलं?

इरफानला माझी कीव आली असेल, किंवा त्यालाही लाज वाटली असेल. मैदान रिकामं झाल्यावर तो माझ्याकडं आला. "मेरेको उठा के देख," म्हणाला. "मैं हलता नई." मुलांना शिकवलेली पद्धत त्यानं मला दाखवली. मी रोज पडायचे. तोही माझ्याबरोबर पडायचा आणि गुपचूप परत झोपायचा.

मग अकॅडमीत पाहुणे आले. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, माईक लावला. मुलांची पोती घेऊन पळायची शर्यत झाली. मग सरांनी माझं नाव पुकारलं. आमच्या मुलीही कमी नाहीत, म्हणाले. गुलाबी नाडीचं पोतं माझ्यापुढं आणून ठेवलं. पाहुण्यांनी आधीच टाळ्या सुरू केल्या. मी अजून काही केलंही नव्हतं.

त्या टाळ्या मला बें बें पेक्षा जास्त लागल्या.

मी म्हटलं, "सर, हे पोतं माझं नाही."

त्यांनी माईकवर हात ठेवला. दात आवळून म्हणाले, तमाशा करू नको, उचल आणि पळ. मी मुलांच्या रांगेत गेले. तिथलं भरलेलं पोतं खांद्यावर घेतलं आणि चालू लागले. पळता येत नव्हतंच. निम्म्या मैदानात गुडघे गेले. मी पडले. परत घेतलं. शर्यतीच्या शेवटच्या झेंड्याजवळ पोचायच्या आत परत पडले, आणि या वेळी उठवेना. कुणी हसलं, कुणी नाही. सर माईकवरून म्हणाले, बघा, मी हेच सांगत असतो.

मी तशीच बसून, धाप लागलेली, जेवढा आवाज निघाला तेवढ्यात म्हटलं, "नापास करा. पण ह्या पोत्यावर करा."

दुसऱ्या दिवसापासून मला अकॅडमीत यायचं नाही असं सांगितलं गेलं. शिस्त मोडली म्हणून. गावात बोभाटा झाला की पोरगी माजली. त्या वर्षी सुगीनंतर सरांच्या रानात आमची मेंढरं बसवली नाहीत त्यांनी. मायला दुसरं रान शोधत लांब जावं लागलं. वळत नसलेली मान घेऊन. ते बघून मला वाटलं होतं, चूक झाली का आपली. मी तिला तसं बोललेही. ती म्हणाली, "पोतं कुठं हाय तुझं? भर."

आता त्या डोंगरावर माझं पोतं आहे. मीच भरलेलं, काठोकाठ. नाडी साध्या सुतळीची. कधी ते पार सडकेपर्यंत जातं, कधी मध्येच मला घेऊन पडतं. ज्या वाटेनं माय आबांना घेऊन उतरली, तीच वाट आहे. माझ्या खांद्यावर वाळू असते. तिच्या खांद्यावर काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून मी थांबत नाही.

पायदळाचं दार उघडेल तेव्हा माझं वय निघून गेलेलं असेल कदाचित. तरी मी जाऊन उभी राहीन. जे माप मुलांना लावता तेच मला लावा. पेललं नाही तर मी मान खाली घालून घरी जाईन, कुणाला दोष देणार नाही. पण अर्धं पोतं पुढं कराल तर त्याला हात लावणार नाही. आणि पोतं उचलायच्या आधी कुणी हसलं किंवा टाळ्या वाजवल्या, तर आता मी गप्प बसणार नाही.