नऊ उभा

"खिडकी उघड गो कमल, अक्षरं दिसत नाहीत," हे ताईचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. खिडकी उघडीच होती. बाहेर अंगणाभोवतीच्या जांभ्याच्या गडग्यावर दुपारचं ऊन पडलं होतं आणि त्याची तांबूस तिरीप तिच्या पायांवरच्या चादरीपर्यंत आली होती. तिच्या हातात शब्दकोड्यांचा गेमही नव्हता, तो माझ्या मांडीवर होता. तरी मी उठले, उघड्या खिडकीची दोन्ही दारं आणखी मागे रेटली आणि विचारलं, "आता दिसतंय?" तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोप लागली असेल. मी तांदूळ धुवायला आत गेले. पातेल्यात पाणी घेते न घेते तोच सासूबाईंची हाक आली... आणि ती हाक कशाची आहे, हे मला पाणी खाली ठेवण्याआधीच कळलं.

तिला जाऊन आता सव्वा महिना होईल. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईने पेपराच्या पुरवणीला लिहावं की नाही, याची धास्ती मनात आहेच. पण मला धास्ती कशाची नाही? लग्न होऊन अठ्ठ्याण्णव साली जतच्या पुढच्या आमच्या कोरड्या मुलखातून मी रत्नागिरीला आले, तेव्हा समुद्राच्या आवाजाची धास्ती होती, माशाच्या काट्याची होती, फोनच्या घंटीची तर सगळ्यांत जास्त. माहेरी फोन नव्हताच आमच्या. घंटी वाजली की माहेरचंच कुणी गेलं असणार असं वाटायचं. आमचे हे मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात कामाला, पहाटे जायचे ते दुपार टळून गेल्यावर यायचे. घरात सासूबाई, मी आणि माझी थोरली जाऊ शैला. पहिल्याच दिवशी मी तिला जाऊबाई म्हणून हाक मारली तर म्हणाली, "जाऊबाई कसली? तुझ्यापेक्षा चार केस जास्त पिकलेत इतकंच. ताई म्हण." त्या दिवसापासून ताई.

भावोजी, म्हणजे ताईचे मालक आणि माझे थोरले दीर, मालाच्या बोटीवर मोटरमन, इंजिनखोलीत कामाला. एकदा गेले की नऊ-दहा महिने घराकडे नाहीत. थोरला दीर आणि धाकटी भावजय यांनी समोरासमोर फारसं बोलायचं नाही, अशी आमच्या दोन्हीकडची रीत; त्यामुळे ते घरी असले तरी मी पदर सावरून बाजूने निघून जायची. त्यांनी सिंगापूरहून दोन गेम आणले होते. हातात धरायचे, राखाडी, विटेएवढे जाड व्हिडिओ गेम, मागच्या बाजूला सेल घालायचे. मुलं असे गेम उड्या मारायला आणि गाड्या पळवायला घेतात. या गेमच्या कॅसेटमध्ये मात्र इंग्रजी शब्दकोडी होती. सारखेच दोन गेम, सारख्याच दोन कॅसेट. एक बोटीवर त्यांच्यापाशी, एक घरी ताईपाशी. बोटीवर चढायच्या दिवशी त्या खेपेचं पहिलं कोडं, मग रोज एक, दोघांनीही तेच. बंद केलं तरी भरलेलं तसंच राहायचं. भावोजी परत आले की पहिल्या दुपारी दोन्ही गेम शेजारी ठेवून कुणाचं काय चुकलं ते बघत बसायची दोघं, आणि सासूबाई आतून म्हणायच्या, "आला की बसला खेळायला! आईस विचारू नको, जेवलीस काय म्हणून."

त्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. हिरवट काचेवर काळी अक्षरं, ती दिवसाच्या उजेडातच दिसायची. म्हणून दुपारची भांडी आवरली की ताई खिडकीत बसायची. मी शेजारी तांदूळ निवडत बसायची. ती मॅट्रिक झालेली, शेजारी जुनी डिक्शनरी घेऊन बसे. मधेच मला विचारायची, "सांग गो, समुद्रातला मासा, सहा चौकोन." मला इंग्रजी कुठलं येतंय? पाचवी ते सातवी जी अक्षरं गिरवली तेवढीच. मी म्हटलं, "बांगडा." ती हसायला लागली, मग बोटांवर अक्षरं मोजली आणि थांबली. "अगो, बसतोय की!" बटणं दाबून तिने इंग्रजी अक्षरांत बांगडा बसवला. मशीनला तो मान्य होणार नव्हता, आडव्या शब्दांची पण वाट लागली. मी म्हटलं, "पुसा ताई, भावोजी काय म्हणतील." ती म्हणाली, "राहू दे. त्यांना पण हसू दे." आणि खरंच, ते आले तेव्हा मला आत ऐकू आलं, "हा बांगडा कुणी पकडला?" "घाटावरच्या सुनेने." एवढं मोठ्याने हसले दोघं, की सासूबाईपण हसल्या, कशाला ते न कळताच.

तेव्हा मला घरची आठवण फार यायची. ताईला ते न सांगता कळायचं. एकदा मी न जेवता बसले होते, तर विचारलं, काय खावंसं वाटतंय? मी म्हटलं, हुलग्याचं माडगं. सासूबाई म्हणाल्या, "हुलगा म्हणजे काय गो? ढोरांचं खाणं काय?" ताईने डबा उघडून दाण्यांची मूठ माझ्यापुढे धरली. "हेच ना? आम्ही कुळीथ म्हणतो." तिने कुळथाची पिठी केली, आमच्याकडच्यासारखी पातळ, लसूण जास्त घालून, आणि म्हणाली, "माडगं समजून खा." चव वेगळीच होती. पण मी दोन वाट्या प्यायले, आणि त्या दिवसानंतर या घराला मी परकं म्हटलं नाही. घरात माझं नाव मात्र पडलं ते पडलंच... हुलगा म्हटलं की कमल.

फोनची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच येतं. बोट बंदराला लागली की भावोजी फोन करायचे. फोन बाहेरच्या खोलीत. आधी सासूबाई बोलणार, मग आमचे हे, शेजारचे कुणी आलेले असले तर तेही दोन शब्द बोलणार, आणि उरलेली दोन मिनिटं ताईला, तीही सगळ्यांच्या समोर. नवऱ्याला आठवण येते म्हणायची सोय नाही. मग ते विचारायचे, "आज बारा आडवा काय?" आणि ताई म्हणायची, "लँटर्न." पलीकडून हं यायचं, ती फोन ठेवायची, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही असायचं की मी दुसरीकडे बघायची. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांचं आपलं इंग्रजीत चाललंय, आम्हास काय कळणार." मला ताईने एकदा सांगितलं होतं. भावोजी जाताना म्हणायचे, तुझं कोडं सुटतंय तोवर मी निर्धास्त. शब्द बरोबर आला म्हणजे ती बरी आहे, घर बरं आहे. न आला तर काहीतरी बिघडलंय.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. भावोजी नुकतेच बोटीवर चढले होते. कोकम सरबत, ओवा, सगळं झालं; मग मिरजेला नेलं. तिथे गाठ निघाली, आणि ती कसली ते आमच्या ह्यांनी मला घरी आल्यावर विहिरीपाशी नेऊन सांगितलं. ताईला आम्ही सांगायच्या आधीच ठाऊक होतं. तिने सगळ्यांना खाटेपाशी बोलावलं आणि एकच गोष्ट मागितली... त्यांना कळवायचं नाही. कारणही होतं. आमचे सासरे गेले तेव्हा भावोजी भर समुद्रात होते. कळवलं, पण उतरणार कुठे? पुढचं बंदर येईपर्यंत इंजिनाच्या त्या आवाजात बाप गेल्याचं ओझं घेऊन पाळ्या केल्या त्यांनी. नंतर ताईला म्हणाले होते, "नसतं सांगितलंत तर बरं झालं असतं. तिथे रडायला पण जागा नसते." ताई ते विसरली नव्हती. "उतरायचे दिवस जवळ आले की मी सांगेन," म्हणाली, "तोवर मी राहीन." सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण शब्द दिला.

मग फोन आला की ताईला धरून बाहेरच्या खोलीत नेऊन बसवायचं, ती दम खायची, हसरा आवाज काढायची आणि शब्द सांगायची. शब्द बरोबर असायचा. भावोजी निर्धास्त व्हायचे. मी दाराआड उभी राहून बघायची, मला ते बघवायचं नाही. हळूहळू डिक्शनरी उचलेना. मग अक्षरंही नीट दिसेनात. एका दुपारी गेम तिच्या हातातच राहिला आणि डोळा लागला. जागी झाल्यावर तिने तो माझ्याकडे दिला. "आता तू भर. एकही दिवस रिकामा ठेवू नको." मी घाबरले. "ताई, मला कुठले येतायत इंग्रजी शब्द?" ती म्हणाली, "अक्षरं येतात ना? चौकोन मोज, आणि बसेल तो शब्द घाल."

मी घातले. शेंगा, नाचणी, भाकरी, आमच्या गावचा ओढा, तिच्या माहेरचं केळशी, जे बसेल ते. प्रत्येक शब्द तिला वाचून दाखवायची. ती कधी हसायची, कधी नुसती मान हलवायची. फोनला मात्र ती आपल्या आठवणीतल्या शब्दांवर निभावून नेत होती, आधी कधीतरी पुढची कोडी मनात सोडवून ठेवली होती म्हणून.

आणि मग तो फोन आला. त्या दिवशी तिला उठवतच नव्हतं. सासूबाई बोलल्या, सगळी बरी आहेत म्हणाल्या, आणि रिसीव्हर हातात धरून आमच्याकडे बघत राहिल्या. ताई खाटेवरून मला म्हणाली, "तू जा. घसा बसलाय सांग. विचारतील तो शब्द सांग." मी म्हटलं, "ताई, पण शब्द तर मी..." "जा गो."

आयुष्यात पहिल्यांदा मी भावोजींशी बोलत होते. मी गेम टेबलावर ठेवला आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "ताईंचा घसा बसलाय," मी म्हटलं. "हो काय? मग गेम आहे ना समोर? बघून सांग, नऊ उभा काय घातलाय तिने?" मी बघितलं. खोटं सांगायलासुद्धा मला दुसरा शब्द येत नव्हता. पाच चौकोन होते आणि त्यात मी सकाळीच...

"हुलगा," मी म्हटलं.

पलीकडे नुसती खरखर. मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक. "कधीपासून?"

मी दारातून आत बघितलं. ताईला सगळं ऐकू गेलं होतं. तिने मला नको म्हणून खूण करायला हवी होती. तिने डोळे मिटून घेतले आणि मान भिंतीकडे वळवली. मी त्यांना सांगितलं... दिवाळीपासून म्हणून सांगितलं, मिरजेचं सांगितलं. त्यांनी एवढंच म्हटलं, "तिला सांग, मी निघालो."

माझ्यावर कुणी रागावलं नाही. मीच दोन दिवस ताईच्या खोलीत जायला धजत नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने हाक मारून बसवून घेतलं आणि विचारलं, "बोट कुठे आली असेल गो?" त्यानंतर रोज तेच. हसरा आवाज काढायचं काम संपलं होतं. दुखलं की ती मोकळेपणी कण्हायची, आठवण आली की सासूबाईंच्या देखत त्यांचं नाव घेऊन तसं म्हणायची, आणि सासूबाई तिच्या कपाळावर हात फिरवत म्हणायच्या, "येतोय, येतोय तो." ताईने मला फोनवर का पाठवलं? माझ्याकडे हुलग्याशिवाय दुसरा शब्द नाही, हे तिला ठाऊक नव्हतं का? तिने आमच्याकडून शब्द घेतला होता आणि स्वतःच्या तोंडाने तो तिला मोडता येत नव्हता, असं मला वाटतं. पण मी तिला विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

भावोजींना वाटेत बंदर मिळायला वेळ लागला, मग विमान, मग मुंबईहून गाडी. ते पोहोचले दहाव्याच्या आदल्या दिवशी. पायरीवर बूट काढताना त्यांनी आत बघितलं, खाट उचललेली होती.

दुपारी ते खिडकीत बसले. बॅगेतून आपला गेम काढला, तिचा शेजारी ठेवला. त्यांच्या गेममध्ये माझ्या हुलग्याच्या दिवसानंतर एकही कोडं भरलेलं नव्हतं. तिच्यात ती गेली त्या दिवसापर्यंतचं भरलेलं होतं. ते एकेक करून मागे मागे जात होते. नाचणी, भाकरी, केळशी. केळशीवर जरा थांबले. मी चहा ठेवून निघाले, तेवढ्यात त्यांनी एक कोडं लावलं आणि हात थांबला. ते मला ठाऊक होतं. वरचे शब्द ताईचे, खरे, इंग्रजी. खालचे माझे. आणि मधोमध एक शब्द असा, ज्याची दोनच अक्षरं तिने भरली होती आणि पुढचे चौकोन रिकामे. गेम हातात असताना डोळा लागला, ती हीच जागा. बाकी सगळं मी भरलं, पण त्या शब्दाला हात लावायचा मला धीर झाला नव्हता.

"एवढाच रिकामा राहिला," मी म्हटलं. त्यांनी आपल्या गेमवर तेच कोडं काढलं. तिथे तो शब्द पुरा होता. त्यांनी दोन्हीकडे बघितलं. मला वाटलं, आता भरतील. त्यांनी आपला गेम बंद करून बॅगेत ठेवला.

परत बोटीवर जाणार की नाही, ते बोलत नाहीत. सासूबाई विचारत नाहीत. दुपारी जेवणं झाली की खिडकीत जाऊन बसतात, तिचा गेम लावतात, ते एकच कोडं काढतात आणि बघत राहतात. ऊन गडग्यावरून खाली उतरलं की बंद करतात. मी आत भांडी घासत असते; तो बंद केल्याचा बारीक टक आवाज आला की दुपार संपली असं आता मला वाटतं.

काल तो आवाज लवकर आला. मग परत लावल्याचा, परत बंद केल्याचा. मी हात पुसत दारापर्यंत आले. पडद्यावरची अक्षरं फिकी झाली होती, ते गेम उजेडाकडे तिरपा धरून बघत होते. मला बघितल्यावर त्यांनी मान वर केली. त्या फोननंतर आपणहून ते माझ्याशी बोलले नव्हते.

"कमल, सेल आहेत ना गो घरात?"

"आहेत, भावोजी," मी म्हटलं, आणि आणायला आत गेले.